माकड स्वतःलाच उत्तर देत होतं

मार्मोसेट या छोट्या माकडांच्या हाकांच्या रेकॉर्डिंगचा पहिला तक्ता उघडला, तर त्यातलं एक माकड अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने स्वतःलाच उत्तर देत होतं! मार्मोसेटची रीत अगदी उलटी. पडद्याआडच्या सोबत्याची ‘फी’ ही लांब हाक ऐकली की ते साधारण पाच सेकंद थांबतं, मग हाक देतं. मध्येच तोंड घालत नाही.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, मोठा करून पाहिला तेव्हा चूक सापडली. आवाजाचे तुकडे पाडणारा प्रोग्रॅम झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यासाठी बसवलेला होता, तो आम्ही तसाच इकडे लावला होता. फिंचच्या गाण्यात एकेक तुकडा शंभरेक मिलिसेकंदांचा, मधली फट त्याहूनही छोटी. त्यामुळे दहा मिलिसेकंद शांतता दिसली की प्रोग्रॅम तुकडा संपवतो. ‘फी’ म्हणजे सात-आठ किलोहर्ट्झची जवळपास सपाट, सेकंदभर लांबणारी शिट्टी. एका हाकेत अशा दोन-तीन शिट्ट्या असतात. प्रोग्रॅमने प्रत्येक शिट्टीला बोलण्याची वेगळी पाळी बहाल केली होती.

एकाच माकडाच्या दोन शिट्ट्यांत सेकंदापेक्षा कमी फट असेल तर त्या जोडायच्या, असा नियम घातला. हाच नियम फिंचला लावला तर अख्खं गाणं एकच गोळा होतं. नको त्या आवाजाच्या गाळणीचंही तसंच. माकडासाठी चार किलोहर्ट्झखालचं सगळं कापलं की पंख्याची घरघर जाते, पण फिंचच्या काही तुकड्यांचा मूळ स्वर सहाशे हर्ट्झच्या आसपास असतो, तोही सोबत जातो. तेव्हापासून सेटिंगच्या फायली दोन.

बोलायला शिकणाऱ्या माणसाच्या बाळाच्या जास्त जवळ कोण, हा प्रश्न या कामात हमखास निघतो. पंधरा ग्रॅमचा फिंच नर बापाचं गाणं ऐकून उचलतो. साधारण पंचविसाव्या दिवसापासून नव्वदाव्यापर्यंत घोटतो, मग ते पक्कं होतं. ऐकायला कुणी मिळालंच नाही तर गाणं वेडंवाकडं निघतं. तीन-चारशे ग्रॅमचं मार्मोसेट अशी नक्कल करत नाही. त्याच्या पिलाचं रडकं ओरडणं पहिल्या दोनेक महिन्यांत स्वच्छ ‘फी’ होत जातं, आणि आईबाप वेळेवर उत्तर देत असतील तर लवकर होतं. माझ्या मते नक्कल अभ्यासायची तर फिंच घ्यावा, पाळीपाळीने बोलणं अभ्यासायचं तर मार्मोसेट. अर्थात फिंचच्या पिलालाही मादीने पिसं फुलवून दिलेली दाद उपयोगी पडते, म्हणजे ही वाटणीही चोख नाहीच.

दुरुस्तीनंतरही काही ‘स्वतःला उत्तरं’ उरलीच. त्यातली बहुतेक शेजारच्या माकडाची निघाली, याच्या मायक्रोफोनमध्ये झिरपलेली. दोन्ही मायक्रोफोनवर एकाच क्षणी आवाज असेल तर जिथे तो मोठा, हाक त्याची.