मागे म्हणजे नेमकं कुठे?

मराठीत ‘मागे’ हा शब्द फार राबतो. घरामागे विहीर असते, गाडीत मागे पाहुणे असतात, मागे कधीतरी भेट झालेली असते आणि कुणीतरी हात धुऊन मागे लागलेलं असतं. जमिनीवर एवढ्यात भागतं. जहाजावर ‘दोर मागे आहे’ म्हटलं तर तो डेकवर गुंडाळून ठेवलाय की पाण्यात, जहाज ढकलणाऱ्या पंख्यापाशी लोंबतोय, हा प्रश्न उरतो. पंख्यापाशी असेल तर इंजिन आधी थांबवायचं, बाकीचं मग बोलायचं.

म्हणून तिथे दोन शब्द. आफ्ट म्हणजे जहाजावरच, पण मागच्या अंगाला. अस्टर्न म्हणजे जहाज संपलं त्याच्यापलीकडे, पाण्यात. खलाशी कामाला आफ्टला जातो. अस्टर्नला गेला तर माणूस पडल्याची आरोळी उठते.

अस्टर्नचं दुसरं काम इंजिनाचं: पंखा उलटा फिरवणं. तेव्हा भोंग्याचे तीन छोटे आवाज देतात. त्याचा अर्थ ‘जहाज मागे चाललंय’ असा नव्हे, ‘इंजिन उलटं चाललंय’ एवढाच. भरलेलं जहाज त्यानंतरही बराच वेळ पुढेच सरकत असतं. त्यात पंखा एकच आणि उजव्या फिरकीचा (पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा) असला, की उलट फिरताना जहाजाची मागची बाजू पोर्टकडे, म्हणजे डावीकडे ओढली जाते. हा दोष जाणते लोक वापरून घेतात. बंदराचा धक्का डाव्या हाताला ठेवायचा, नाक जरा धक्क्याकडे तिरकं करून यायचं आणि अस्टर्न द्यायचं. वेग मोडतो आणि मागची बाजू आपसूक धक्क्याला येते.

तिसरा शब्द अबाफ्ट. हा एकटा येत नाही, ‘अमक्याच्या मागे’ असाच येतो. जहाजाच्या कुशीपासून काटकोनात बाहेर जाणारी दिशा म्हणजे बीम, तिच्याहून २२.५ अंशांपेक्षा जास्त मागून कुणी जवळ येत असेल तर तो ओव्हरटेक करतोय, आणि वाट त्यानेच द्यायची. शंका आली तरी आपण ओव्हरटेकच करतोय असं त्याने धरायचं. आकडा विचित्र वाटतो, पण जुन्या होकायंत्राचे ३२ भाग होते, एकेक ११.२५ अंशांचा, हे त्यातले दोन. रात्री हाच हिशेब दिव्यांत दिसतो: डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा, समोरून बीमच्या २२.५ अंश मागेपर्यंत दिसणारे, प्रत्येकी ११२.५ अंशांचे, मागचा पांढरा १३५ अंशांचा. बेरीज बरोबर ३६०. चालत्या जहाजाचा नुसता पांढरा दिसला तर बहुधा तुम्ही त्याच्या मागे आहात.

कोकणच्या होडीवर पुढची ती नाळ, मागची ती वरामी, आणि सुकाणू वरामीलाच. इंग्रजीतला ‘स्टर्न’ही सुकाणू धरण्याच्या जुन्या नॉर्स शब्दावरूनच आलेला.

विमानाने यातला आफ्ट तेवढा उचलला: आफ्ट गॅली म्हणजे मागचं स्वयंपाकघर, आफ्ट होल्ड म्हणजे मागची सामानाची जागा. इथे मागचा प्रश्न वजनाचा. पुढचे प्रवासी उतरले आणि मागचा होल्ड भरलेलाच राहिला, तर विमान शेपटीवर बसू शकतं. म्हणून सामान्यतः भरताना पुढून सुरुवात आणि रिकामं करताना मागून. कोल्हापूर, जळगावला उतरणाऱ्या एटीआर-७२ या छोट्या विमानाचा तर प्रवाशांचा दरवाजाच मागे. सगळे तिथे गर्दी करणार हे ठरलेलं, म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात. निघण्यापूर्वी विमानाभोवती फेरी होते, तेव्हा तो काढलाय ना, हे वाकून पाहावं लागतं.