साडेचार वर्षांचा हिशेब

मागच्या हिवाळ्यात, वयाच्या ४१व्या वर्षी, मी जर्मनीत ‘फाखक्राफ्ट फ्यूर लागरलोगिस्टिक’ म्हणजे गोदामातील कुशल कामगाराची परीक्षा उत्तीर्ण झाले. हे प्रशिक्षण एरवी तीन वर्षांचे असते. शाळा संपवलेली मुले एखाद्या कंपनीशी करार करतात, काही दिवस कामावर आणि काही दिवस व्यवसायशाळेत जातात आणि अखेरीस उद्योग-व्यापार मंडळाची परीक्षा देतात. मी यातले काहीच केले नव्हते. फ्रँकफुर्टजवळच्या एका गोदामात मी मदतनीस म्हणून माल उतरवत, मोजत आणि बांधत होते, आणि पदरी दोन मुले असताना शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनावर तीन वर्षे काढणे मला शक्य नव्हते.

माझ्यासारख्यांसाठी वाट आहे, हे मला फार उशिरा कळले. तेथील व्यवसाय-प्रशिक्षण कायद्याच्या कलम ४५ नुसार, प्रशिक्षणाच्या मुदतीच्या किमान दीडपट काळ ज्याने ते काम केले आहे, त्याला थेट अंतिम परीक्षेला बसता येते. या वाटेला ‘एक्स्टर्नेनप्र्यूफुंग’ म्हणतात. परीक्षा तीच, परीक्षक मंडळ तेच आणि मिळणारी पात्रताही तीच. तीन वर्षांची दीडपट म्हणजे साडेचार वर्षे, अर्थात ५४ महिने. जर्मनीतले माझे काम मात्र ३६ महिन्यांचेच होते. तरीही मी अर्ज करू शकले, कारण परदेशात केलेल्या कामाचा काळही विचारात घ्यावा, असे तेच कलम सांगते. लग्नापूर्वी मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये २८ महिने काम केले होते. इनवर्डची म्हणजे आलेल्या मालाची नोंद, जीआरएन (माल मिळाल्याची पावती), बिन कार्ड (प्रत्येक वस्तूच्या साठ्याची नोंद ठेवणारे कार्ड), महिनाअखेरची मोजदाद हे सगळे मी तिथेच शिकले होते. ते महिने आयुष्यात पुन्हा कधी उपयोगी पडतील, असे मला वाटले नव्हते.

उद्योग-व्यापार मंडळाला केवळ ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीस होत्या’ एवढे पुरत नाही, आणि भोसरीहून मिळालेल्या जुन्या प्रमाणपत्रात नेमके तेवढेच होते. मी आमच्या तेव्हाच्या स्टोअरच्या साहेबांना फोन केला. ते आता निवृत्त झाले आहेत. “अगं, अनुभवाच्या दाखल्यात एवढं कोण लिहितं?” असे ते आधी म्हणाले, मग स्वतः कारखान्यात गेले आणि मी कोणती कामे करत होते ते मुद्देसूद लिहून, सही-शिक्क्यानिशी पाठवले. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की, नोकरी सोडताना दाखल्यावर पदनामाबरोबर प्रत्यक्ष कामांची यादीही लिहून घ्यावी. दहा वर्षांनी ती मिळवणे फार अवघड जाते, आणि प्रत्येकाला माझ्या साहेबांसारखा माणूस भेटेलच असे नाही.

अभ्यासाला बसले तेव्हा माझी समजूत होती की काम मला येतेच, अडचण फक्त जर्मन भाषेची असेल. ती समजूत खोटी ठरली. ट्रकमध्ये माल पट्ट्यांनी आवळून बांधणे मी शेकडो वेळा केले होते. पण ब्रेक लागल्यावर माल पुढच्या बाजूला त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोराने सरकू पाहतो आणि वळताना किंवा वेग घेताना बाजूंना व मागे ०.५ पट, हे मला कोणी सांगितले नव्हते. १,००० किलोचा माल असेल तर पुढे ८०० किलो वजनाइतका जोर धरावा लागतो. ट्रकच्या फळीवरचे घर्षण वजनाच्या ०.३ पट असेल तर त्यातला ३०० चा भार घर्षणच पेलते आणि ५०० चा उरतो; खाली रबरी चटई घालून घर्षण ०.६ वर नेले, तर केवळ २०० चा उरतो. ती चटई आम्ही रोज घालत होतो, आणि घाई असली की कधी घालतही नव्हतो. हे गणित पहिल्यांदा सोडवले त्या रात्री, चटई न घालता रवाना केलेले ट्रक आठवून मला बराच वेळ झोप लागली नाही.

काही धड्यांत उलटाही अनुभव आला. भोसरीच्या बिन कार्डावर प्रत्येक वस्तूपुढे एक आकडा लिहिलेला असे आणि साठा तिथवर उतरला की साहेबांना सांगायचे, एवढेच मला ठाऊक होते. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा, हे त्या आकड्यामागचे सूत्र मला पंधरा वर्षांनी जर्मन पुस्तकात भेटले. रोज ४० खोकी लागत असतील, माल यायला ६ दिवस लागत असतील आणि राखीव साठा ८० खोक्यांचा असेल, तर ३२० वर मागणी नोंदवायची. इतकी वर्षे पाळलेल्या नियमाचे कारण हाती आल्याचा तो आनंद मी विसरू शकत नाही.

सर्वांत जड गेला तो अर्थव्यवहार व समाजशास्त्राचा पेपर. सामाजिक विम्याच्या पाच शाखा, त्यांतील अपघात विम्याचा हप्ता एकटा मालकच का भरतो, पाच मतदार कामगार असले की कामगार-समिती निवडता येते, अशा गोष्टी त्यात येतात. नियमित उमेदवार हे व्यवसायशाळेत शिकतात. कामावर मदतनिसाला ते कोणीही समजावत नाही, आणि खरे तर त्यालाच त्याची गरज सर्वाधिक असते. मी संध्याकाळचा तयारी-वर्ग लावला, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, आणि माझ्या उत्तरांतल्या जर्मन शब्दांची लिंगे थोरली मुलगी तपासत असे.

प्रत्यक्ष कामाच्या परीक्षेत समोर मालकांचा एक, कामगारांचा एक प्रतिनिधी आणि व्यवसायशाळेतील एक शिक्षक असे तिघे होते. एक खोके बाहेरून दबलेले होते. मी वाहनचालकासमोरच पोचपावतीवर नुकसानीची नोंद केली, कारण दिसणारे नुकसान ताबा घेतानाच कळवावे लागते. आत लपलेल्या नुकसानीला मात्र सात दिवसांची मुदत असते. कामगारांच्या प्रतिनिधीने विचारले, हे कुठे शिकलात? मी म्हणाले, नोंद करायला भोसरीत शिकले, सात दिवसांचा नियम इथे.

१ जानेवारी २०२५ पासून आणखी एक मार्ग खुला झाला आहे. वय किमान २५ असलेल्या आणि त्या व्यवसायातील पात्रता नसलेल्या अनुभवी कामगाराचे कौशल्य आता जाणकारांकडून प्रत्यक्ष पारखून प्रमाणित करून घेता येते. त्यासाठीही दीडपट काळाचा अनुभव लागतो. आमच्या गोदामात नऊ वर्षे काम केलेल्या एका सहकारिणीला लेखी परीक्षेची धास्ती वाटते, म्हणून गेल्या रविवारी आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो आणि ती रोज करते त्या कामांची यादी लिहायला घेतली. दोन पाने भरली आहेत, आणि माल परत पाठवण्याची कामे अजून लिहायची आहेत.