काकांचा भागाकार आणि २४ एप्रिलची रात्र

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ आमचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे, तिथे मी तिकिटांचं काम बघते. २०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक काका आणि काकू, मुलगी एडिनबराला, तिची डिलिव्हरी अगदी जवळ आलेली. ओझर म्हणजे आमच्या नाशिकच्या विमानतळावरून दिल्ली, दिल्ली ते लंडन असं मी बुक केलं, पुढचं एडिनबराचं तिकीट मुलीनेच तिकडून वेगळं काढलं होतं, मध्ये तीन तासांचा गॅप.

तिकीट हातात घेतल्या घेतल्या काकांनी विचारलं, "अगं, दिल्ली ते लंडन सहा हजार सातशे किलोमीटर, विमान ताशी नऊशेने जातं, मग साडेसात तास झाले ना, इथे साडेनऊ कसे?"

मला फार आवडला तो प्रश्न, इतकं कोण बघतं! म्हटलं काका, हा वेळ विमान इथल्या गेटवरून हलल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतचा असतो, रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं, आणि पश्चिमेला जाताना वरचं जोराचं वारं समोरून येतं, म्हणून येताना तेवढंच अंतर तासभर लवकर कापलं जातं. काकांनी डायरीत लिहून घेतलं.

पहलगामनंतर दोनच दिवसांनी, गुरुवारी २४ तारखेला दुपारी बातमी आली की पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली. काका-काकूंचं ओझरचं विमान शुक्रवारी संध्याकाळी! मी नकाशा उघडला. दिल्लीहून लंडनची सरळ रेघ निघते तीच पाकिस्तानावरून. आता विमान आधी राजस्थान, गुजरातवरून खाली अरबी समुद्रावर जाणार आणि मग पश्चिमेला वळणार, म्हणजे ओझरहून हजारेक किलोमीटर वर दिल्लीला जायचं आणि परत आपल्याच बाजूला खाली यायचं. मुंबई-लंडन अंतर पाचशे किलोमीटर जास्त आहे पण तिथून एवढा वळसा पडत नाही, म्हणून ते पण बघितलं, तर त्या दिवसाच्या सीटच नाहीत, आणि मुंबईला गाडीने जायचं तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरीच्या पुढचा टप्पा तेव्हा सुरू झाला नव्हता, काकूंचे गुडघे घेऊन रात्री कसारा घाट, नकोच वाटलं.

हेल्पलाइनवर किती उशीर होईल ते कोणी सांगेना. मग मीच हिशोब मांडला, तास सव्वा तास जास्त धरला तर इमिग्रेशन, बॅगा उचलणं, दुसऱ्या तिकिटाचं परत चेक-इन हे कशातच बसत नव्हतं. रात्री साडेअकराला मुलीला फोन केला, ती घाबरली, रडायलाच लागली. तिला सांगितलं की अगं ते पोचणार आहेत, फक्त एडिनबराचं सकाळी दहाचं विमान सोड आणि दुपारचं घे. थोडे पैसे गेले तिचे पण तिने लगेच बदललं.

शनिवारी दुपारी दोनला काकांचा फोन, "पोरी, पावणेअकरा तास लागले, आत्ता कुठे इमिग्रेशनमधून बाहेर आलो." तिकडे तेव्हा साडेनऊ वाजले होते. दहाच्या विमानाचं काउंटर बंद झालेलं होतं.