सोंसचा बाप शोधताना

बिहारमध्ये गंगेतल्या डॉल्फिनला सोंस म्हणतात. त्याचं नातंगोतं शोधायचं माझं काम नदीवर कमी आणि प्रयोगशाळेत जास्त झालं. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे मेलेल्या सोंसच्या कातडीचा तुकडा घ्यायलाही लेखी परवानगी लागते. ती मिळायला वेळ गेला, पण अट योग्यच आहे. तेलासाठी यांची शिकार झालेली आहे.

सुलतानगंज ते कहलगाव या अभयारण्याच्या पट्ट्यात नुसतं बघून फार काही कळत नाही. गढूळ पाण्यातून चोच वर येते, पाठ दिसते की लगेच नाहीशी होते. मादी नरापेक्षा मोठी आणि लांब चोचीची असते खरी, पण होडीतून तेवढं कुठे कळतंय! पिल्लाजवळ आई दिसते. बाप कोण, हे पाणी सांगत नाही.

म्हणून कातडी. अल्कोहोलमधला तुकडा बारीक चिरायचा, प्रोटीनेज-के हे प्रथिनं विरघळवणारं एन्झाइम घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवायचा. सकाळी तुकडा पूर्ण विरघळलेला दिसला की जीव भांड्यात पडतो. कुजलेल्या नमुन्यातला डीएनए तुटलेला असतो, तिथे फार हाती लागत नाही.

जाळ्यात अडकून मेलेल्या एका मादीचे आणि तिच्या पिल्लाचे नमुने मी स्वतः वाचले. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएतली छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येणारी जागा; तिच्या आलेखावर पिल्लाची दोन शिखरं होती. एक आईच्या शिखराखाली तंतोतंत बसलं. उरलेलं बापाचं! ते ज्या नराकडे नाही, तो यादीतून बाद. अशा बऱ्याच जागा तपासल्या की एकच नर अनेक पिल्लांचा बाप आहे का, हेही विचारता येतं. फक्त त्यासाठी नमुने भरपूर हवेत, आणि ते मरणातूनच येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए मात्र फक्त आईकडून येतो. माद्या एकाच भागात राहून नर फिरत असतील, तर हा डीएनए आणि आई-बाप दोघांकडून येणारा डीएनए वेगवेगळं चित्र दाखवतात, म्हणून मी दोन्ही वाचते. पश्चिम बंगालमधला फरक्क्याचा बंधारा १९७५ पासून गंगेत आडवा आहे. पण सोंस वयात यायला साधारण दहा वर्षं घेतो, म्हणजे तेव्हापासून जेमतेम पाचेक पिढ्या झाल्या; डीएनएत फरक साठायला त्या फार कमी आहेत. बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या सोंसांच्या डीएनएत आज फरक दिसला नाही, तरी त्यांची ये-जा चालू आहे असं मी मुळीच लिहिणार नाही.