सॅकचं वजन कमरेवर हवं, खांद्यावर नाही

पहाटेच्या कसारा लोकलसाठी ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या ट्रेकर्सकडे नीट पाहा. बऱ्याच जणांची सॅक मागे लोंबत असते आणि मान पुढे आलेली असते. आसनगावला उतरून माहुली किल्ल्याची वाट लागेपर्यंत खांदे भरून येतात आणि बोल सॅकच्या कंपनीला लागतो. खरी चूक बहुतेक वेळा भरण्यात आणि बांधण्यात असते.

एका मुक्कामाला ४५ ते ५० लिटरची सॅक पुरते. पाण्यासकट वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावं, म्हणजे ६० किलोच्या माणसाने १२ किलो. त्यात ३ लिटर पाण्याचेच ३ किलो, म्हणून पाण्याची जागा आधी ठरवा. दोन्ही बाजूंच्या खिशांत एकेक लिटर आणि तिसरी बाटली आत, पाठीलगत. दोन्ही बाटल्यांतून आलटून पालटून प्यावं. एकच बाजू रिकामी झाली की शरीर तिरकं चालतं आणि संध्याकाळी कंबर धरते.

तळाशी स्लीपिंग बॅग. तिच्यावर शिधा, स्टोव्ह, भांडी असं जड सामान, तेही पाठीला चिकटून. हेच सामान बाहेरच्या अंगाला गेलं की सॅक मागे ओढते आणि माणूस वाकून चालतो. सॅकच्या वरच्या टोपणात गेलं तर उतारावर तोल जातो. पातेलं रिकामं नेऊ नका, कांदे-बटाटे त्यातच भरा. कपडे फटींमध्ये कोंबा, म्हणजे आत काही हलणार नाही. टॉर्च, औषधं, पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) वर. चहाचा मग बाहेर लटकवू नका, कारवीच्या रानात तो पावलोपावली अडकतो.

पावसाळ्यात नुसत्या रेनकव्हरवर विसंबणं चुकीचं. पाठीवरून ओघळणारं पाणी त्याच्या आतल्या बाजूने सॅकमध्ये झिरपतं. आधी आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सामान त्यात भरा आणि तोंड पिळून दुमडा.

आता बांधणं. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. पहिला कमरपट्टा: तो पोटावर नको, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे. तो घट्ट झाल्यावर खांद्याचे पट्टे जेमतेम टेकतील इतकेच ओढा. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकायला हवीत. हाताला मुंग्या आल्या तर कमरपट्टा घसरलाय असं समजा. तासाभराने तो ढिला होतोच, पुन्हा ओढून घ्या. एवढं करूनही खांद्याचे पट्टे अधांतरी राहत असतील, तर सॅकची पाठ तुमच्यापेक्षा लांब आहे. म्हणून विकत घेताना उंची सांगू नका. मानेच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत माप घ्या.

ओढा ओलांडताना मात्र कमरेचं आणि छातीचं बकल उघडं ठेवायचं. पाय सरकला तर सॅक क्षणात अंगावेगळी करता आली पाहिजे.

ट्रेकच्या आदल्या आठवड्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर सराव करावा. सॅकमध्ये १० किलो पाण्याच्या बाटल्या भरून तासभर चढा. उतरताना गुडघे कुरकुरू लागले तर निम्मं पाणी तिथेच ओतून देता येतं.