निळ्या पानांचा होस्टा वाढवताना

होस्टा ही पानांच्या शोभेसाठी सावलीत लावली जाणारी बहुवर्षायू वनस्पती. तिचा मोठ्या निळ्या पानांचा प्रकार जोपासायचा असेल, तर त्याचा निळा रंग कुठून येतो हे आधी समजून घ्यावे लागते. पान मुळात हिरवेच असते. त्यावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यामुळे ते निळसर दिसते. एका पानावरून मी अंगठा हलकेच फिरवला, तेव्हा तेवढाच पट्टा गर्द हिरवा झाला आणि पान सुकेपर्यंत तसाच राहिला. हा थर वसंतात पान उलगडताना तयार होतो आणि एकदा निघून गेला की त्या पानावर सहसा परत धरत नाही. माझी पुढची सगळी निगा या एकाच गोष्टीला धरून झाली.

मी ‘एलेगन्स’ आणि ‘ब्लू एंजल’ हे दोन वाण निवडले. दोन्ही पूर्ण वाढले की मीटरभराहून अधिक पसरतात, म्हणून रोपे लहान असतानाच त्यांच्यामध्ये तेवढे अंतर सोडले. सकाळचे कोवळे ऊन मिळेल पण दुपारचे लागणार नाही, अशी जागा निवडली, कारण प्रखर उन्हात मेणाचा थर लवकर नाहीसा होतो आणि पानांच्या कडा करपतात. सावलीसाठी झाड हवेच, मात्र त्याची मुळे उथळ पसरणारी असतील तर ओलावा आणि अन्न तीच ओढून घेतात. म्हणून मी खोडापासून बरीच दूर, खोल खणलेल्या आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळलेल्या मातीत लागवड केली.

पाणी नेहमी बुंध्याशीच दिले. फवाऱ्याने किंवा जोरदार पावसाने मेण झिजते. पाऊस आपल्या हातात नसला, तरी नळी आपल्याच हातात असते. संध्याकाळऐवजी सकाळी पाणी दिल्याने रात्री जमीन कमी ओली राहिली आणि बिनशंखाच्या गोगलगायींचा उपद्रवही आटोक्यात आला. या वाणांची जून पाने जाड असल्याने गोगलगायी त्यांना कमी त्रास देतात, पण वसंतात जमिनीतून वर येणारे टोकदार, घट्ट गुंडाळलेले कोंब मात्र फार कोवळे असतात. त्या काळात मी रोज त्यांच्याकडे जवळून पाहत असे, कारण गुंडाळीत पडलेले एक छिद्र पान उघडल्यावर अनेक छिद्रे होऊन दिसते.

सर्वांत अवघड होते ते थांबणे. सुरुवातीची पाने लहान आणि बरीचशी सपाट होती. खरा आकार आणि पृष्ठभागावरचे खोलगट चुण्यांचे पोत येण्यास पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो, आणि मध्येच विभागणीसाठी गड्डा उकरला तर ही वाढ मागे पडते. म्हणून मी रोपे हलवली नाहीत. उन्हाळा सरत आला की पाने हिरवट होतात; त्याला रोग समजू नये. शिरांच्या कडेने गडद, पसरट डाग दिसले, तर मात्र विषाणूची शंका घ्यावी आणि रोप मुळासकट काढावे, कारण त्यावर उपाय नाही. हिवाळ्यापूर्वी पिवळी पाने मी गोळा करून टाकते आणि पालापाचोळ्याचे आच्छादन गड्ड्याच्या माथ्यापासून थोडे दूर ठेवते.