वाढत जाणारं ऑइल

"ऑइल घटत नाही, उलट वाढतंय? मग मशीन एकदम चांगलं आहे." पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेला भाड्याने आलेल्या जनरेटरच्या मालकाने त्याच्या ऑपरेटर मुलाला हे फोनवर सांगितलं होतं. म्हापशात डिझेल इंजिनांचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि हे वाक्य ऐकलं की आजही पोटात गोळा येतो. ऑइल आपणहून वाढत नसतं. डिपस्टिकवरची, म्हणजे इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवरची, पातळी चढली, म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री मी नाटक बघायला आलो होतो. पहिला अंक संपत आला आणि रंगमंचावरचे दिवे एकाएकी पांढरेफटक झाले, पंखे घोंगावू लागले. लोकांना वाटलं व्होल्टेज वाढलं. माझे कान देवळामागच्या आवाजाकडे होते. वीज तयार करणाऱ्या चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे (आरपीएम) लागतात आणि वेग सांभाळणारा गव्हर्नर इंजिनाला तिथेच धरून ठेवतो. मी पोचलो तेव्हा मीटर साठ हर्ट्झच्या पुढे गेला होता, म्हणजे इंजिन बेफाम पळत होतं, आणि सायलेन्सरमधून निळसर पांढऱ्या धुराचे लोट येत होते. मुलगा काढलेली चावी हातात घेऊन उभा होता. लाल बटण दाबून झालं होतं.

"मेस्त्री, बंद जायना!"

होणार कसं? चावी काय किंवा लाल बटण काय, दोन्ही फक्त पंपाचं डिझेल तोडतात. पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की सहसा विषय संपतो. इथे ठिणगीच नसते. हवा सोळा ते वीस पट दाबली जाते, ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तिच्यात जे तेल जाईल ते पेट घेतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला यशस्वी करून दाखवलं ते इंजिन याच तत्त्वाचं, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. डिझेल इंजिनाला डिझेलच लागतं हा आपला समज. आमच्यासमोरचं इंजिन स्वतःच्या संपमधलं, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीतलं, ऑइल पीत होतं.

अशा वेळी एकच उपाय, हवा तोडणे. पण आवाज कमी व्हावा म्हणून हे सेट लोखंडी कॅनपीत बंद केलेले असतात, आणि एअर फिल्टर नेमका हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात. ज्यांनी हे आखलं त्यांनी चालू इंजिनाजवळ कधी उभं राहून बघितलं नसावं. मी दाराची कडी काढतोय तेवढ्यात मंडळाच्या कुणीतरी मेन ब्रेकर पाडला. सगळा अंधार झाला, आणि इंजिनावरचा उरलासुरला भारही गेला. तो भार हाच त्याचा ब्रेक होता. आवाज चिरका झाला, जमीन थरथरायला लागली.

ब्रेकर पाडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. साउंडवाल्याचे अ‍ॅम्प्लिफायर त्यामुळेच वाचले. तरी लोड राहिला असता तर इंजिन एवढं उसळलं नसतं, हे मला डोक्यातून काढता येत नाही. दहा फुटांवर मुलं बसली होती. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो तेव्हा पत्र्याच्या कॅनपीचा भरवसा कोण देणार?

मुलगा गोणपाट घेऊन धावला. मी त्याला अडवलं. कापड आत ओढलं जातं, हात तर मुळीच लावायचा नाही. देवळात फायर एक्स्टिंग्विशर होता, पण पावडरचा. हवेच्या तोंडात मारायला कार्बन डायऑक्साइडचा लागतो. शेवटी महाप्रसादाच्या पंक्तीचा जाड लाकडी पाट कामाला आला. त्याची सपाट बाजू फिल्टरच्या तोंडावर दोघांनी दाबून धरली. पाट चिकटून बसला, इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि थांबलं.

दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, पाण्यासारखं पातळ, डिझेलचा भपकारा. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटला होता. तिथून डिझेल संपमध्ये झिरपत राहिलं, पातळी चढली, आणि ब्रीदरच्या, म्हणजे संपमधली वाफ हवेच्या वाटेत सोडणाऱ्या, पाइपातून ते मिश्रण हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये गेलं. एक रॉड वाकला, बेअरिंग खलास. तो डायफ्रॅम वेळेत बदलायला अर्धा तास पुरला असता. तेल शुद्धीकरण कारखान्यांसारख्या ठिकाणच्या इंजिनांना हवा तोडणारी झडप बसवतात. जत्रेत, लग्नात, माणसांच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या सेटवर ती मी अजून पाहिलेली नाही.

मालकाने दोष मुलावर टाकला आणि त्याचा पगार अडवला. त्या मुलाने ऑइल वाढत असल्याचं आधीच सांगितलं होतं, फोनवर, नाटकवाल्यांसमोर. दुरुस्तीच्या बिलावर मी कारण लिहिलं: फीड पंपाचा डायफ्रॅम जुना होऊन फाटला, ऑपरेटरची चूक नाही. ती ओळ काढा, मग पैसे देतो, असा मालकाचा निरोप आला. ओळ मी काढलेली नाही. बिलाची एक प्रत मुलाला दिली आहे, पगारासाठी तक्रार करायची झाली तर लागेल म्हणून.